श्वासापुरतं मागं पाहणं

वैनी, दहाव्याला पैनगंगेच्या काठावर महाराजांनी मला परत परत बजावलं. राख धारेत सोडली की सरळ काठाकडं यायचं, मागं पाहायचं नाही. मागं पाहिलं की गेलेल्याचा जीव अडकतो म्हणे. मी मान डोलावली. पण कानात तेव्हा तुमचाच आवाज होता, "भाऊजी, समोर कायले पाह्यता? श्वास घ्यायचा त काखेखालून मागं पाह्यत जा." आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं ऐकायचं कोणाचं?

तुम्हाला जाऊन पंधरवडाही झाला नाही. घरात सगळे हळू आवाजात बोलतात, जणू तुम्ही आतल्या खोलीत निजलेल्या आहात आणि तुम्हाला जागं करायचं नाही. दादा मळ्यात जातो, हातात पाण्याचा पाइप धरून उभा राहतो आणि वाफा भरून वाहायला लागला तरी त्याला कळत नाही. माय माझ्याकडं पाहायचं टाळते, कारण पाहिलं की तिला रडू येतं. मला मात्र तुमच्याशी बोलणं थांबवता आलेलं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे.

दादाशी लग्न करून तुम्ही पलीकडच्या काठावरून आमच्या घरी आलात, तेव्हा मी बारावीत गटांगळी खाऊन घरी बसलो होतो. अभिमानानं सांगावं असं माझ्याकडं एकच होतं, ते म्हणजे पोहणं. भाजीचा मळा नदीला लागून, त्यामुळं चालायच्या आधी पोहायला शिकलो असं मी येईल त्याला ऐकवायचो. नव्या वहिनीलाही ऐकवलं. तुम्ही यवतमाळला होस्टेलात राहून शिकलेल्या आणि तिथल्या पोहण्याच्या तलावात नेमानं जाणाऱ्या, हे मला कुठं ठाऊक होतं! तुम्ही पदर खोचून खडकावर बसलात. मी डोह पार करून धापा टाकत परत आलो. तुम्ही इतकंच म्हणालात, "छान हाय. पन भाऊजी, तुमी पोहून नाही राह्यले, पान्याशी कुस्ती खेळून राह्यले."

मला राग आला होता, वैनी. चांगलाच आला होता. दोन दिवस तुमच्या हातची भाकर मुकाट्यानं खाल्ली, पण तुमच्याशी बोललो नाही.

तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही मायला विचारलंत की इकडची पोरं पोहायला शिकतात तरी कशी. मायनं माळ्यावरचा वाळका भोपळा काढून दाखवला. आमच्याकडं हा भोपळा पोराच्या पाठीला दोरीनं बांधतात आणि पोराला पाण्यात सोडतात. त्याच भोपळ्यावर दादा शिकला, मीही शिकलो. तुम्ही तो हातात फिरवून पाहिलात आणि हसायला लागलात. "आता समजलं. भोपळा पाठीले बांधला म्हंजे छाती वर अन् पाय खाली. सारं गाव उभ्यानंच पोह्यते."

"उभ्यानं पोह्यते त पोह्यते," माय म्हणाली. "बुडलं त नाही कोनी."

सासू-सुनेचं ते पहिलं भांडण. दादा चपला घालायच्या विसरून दारात उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही तो भोपळा घेऊन नदीवर आलात, पंजाबी ड्रेस घालून, केस घट्ट बांधून. सून नदीत उतरते म्हणून गावात कुजबुज झाली, ती मायनं एका वाक्यात मिटवली. "तिच्या माहेरचीच नदी हाय, तिले कोन रोखते?" तुम्ही भोपळा माझ्या मांड्यांमध्ये अडकवायला लावलात आणि म्हणालात, "आता पडा." कंबर वर आली, पाय वर आले, तोंड आपसूक पाण्यात गेलं आणि मी घाबरून ताडकन उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा मी पाण्यात आडवा झालो होतो.

मग कितीतरी हिवाळे आणि उन्हाळे आपली ती शाळा चालली. भोपळा पायात धरून नुसते हात मारायचे, मग भोपळा हातात धरून नुसते पाय. कुशीवर पडून एक हात पुढं ताणायचा, एक डोळा पाण्यात आणि एक बाहेर ठेवायचा आणि तसंच पाय मारत राहायचं. मला ते हास्यास्पद वाटायचं. पलीकडच्या काठावर म्हशी धुणारे लोक विचारायचे, याला झालंय तरी काय. एक हात पुढं थांबलेला असायचा आणि दुसरा येऊन त्याला शिवला की मगच तो निघायचा. मी घाई केली की तुम्ही ओरडायच्या, "येक घरी आल्याबिगर दुसऱ्यानं घर सोडाचं नाही!"

मुठी आवळून पोहायला लावलंत तो दिवस मला अजून आठवतो. मुठीला पाणी सापडतच नाही. नुसती तगमग होते, माणूस जागचा हलत नाही. रडकुंडीला आल्यावर तुम्ही म्हणालात, आता उघडा. मुठी उघडल्या आणि पाणी हाताला लागलं. धरून ढकलावं असं ते काहीतरी आहे हे मला तेव्हा कळलं. मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं तर तुमचं उत्तर काय, "मंग इतके वर्सं काय पानी सोडून देत होते?"

हात पाण्याबाहेरून पुढं नेताना कोपर उंच हवं आणि बोटं पाण्याला जेमतेम शिवत जायला हवीत. हे काही केल्या जमेना. हात गोफणीसारखा फिरायचा. मग एकदा मळ्यात तुम्ही मला मेथीच्या वाफ्यावरून हात फिरवताना पाहिलंत. मेथी उगवली की नाही ते मी तसंच पाहतो, कोंब मोडू नये म्हणून बोटांची टोकं तेवढी टेकवत. "हेच," तुम्ही म्हणालात. "हेच तिकडं करा." दुसऱ्या सकाळी जमलं. एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलंत म्हणून मी परत भांडलो.

आज वाटतं, तुम्ही मला पोहायला शिकवलंत असं म्हणणं थोडं अपुरं आहे. नापास झालेल्या पोराला घरात सगळे एक तर समजावतात, नाही तर टोमणे मारतात. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. अख्खी गोष्ट जमत नसेल तर तिचे तुकडे करायचे, एक तुकडा जमेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, एवढंच तुम्ही रोज पाण्यात दाखवत राहिलात. पुढं मी बारावी परत दिली आणि पास झालो. तुम्ही पेढे खाल्ले आणि विचारलंत, "अन् श्वास?"

श्वासाचं मात्र जमलं नाही, आणि आपलं भांडण तिथलंच आहे.

तुमचं म्हणणं, तोंड वळवायचं ते सगळ्या अंगासकट, आणि नजर खांद्याच्या मागं. समोर पाहिलं की डोकं उचललं जातं, डोकं उचललं की पाय बुडतात. मला ते समजत होतं, पण नदीत पटत नव्हतं. पैनगंगेत ओंडका येतो, बाभळीची फांदी येते, कधी मेलेलं जनावर येतं. "वैनी, नदीत समोरच पाहा लागते," मी म्हणायचो. "तुमच्या त्या तलावात काय येते वाहून? साबन?"

"पाहा ना. कोन नाही म्हंते? पन पाहाच्या वक्ती पाहा अन् श्वासाच्या वक्ती श्वास घ्या."

खरी गोम तुम्हीच एक दिवस ओळखलीत. मला श्वास फक्त उजवीकडं घेता यायचा. आपल्या काठावरून पलीकडं निघालं की नदी येते डावीकडून. मी तोंड काढायचो उजवीकडं, म्हणजे वरून काय वाहून येतंय ते मला दिसायचंच नाही. म्हणून थोडं गेलं की धीर सुटायचा आणि मान वर व्हायची. परत येताना नदी उजवीकडून, तेव्हा मी जरा बरा पोहायचो. तुम्ही हसला नाहीत. "तुमची भीती डाव्या बाजूले हाय, भाऊजी," तुम्ही म्हणालात. "डावा श्वास शिका. मंग डोकं उचलाचं कामच नाही. येक डाव हा डोह डोकं न उचलता पार करा, मले पाह्यचं हाय."

डावीकडं तोंड वळवलं की माझ्या नाकातोंडात पाणी जायचं. खोकत उभा राहिलो की मळ्यातून दादा ओरडायचा, "नदी पिऊन टाकतं का रे? वांग्याले ठेव थोडं!"

एका भादव्यातली गोष्ट मी तुम्हाला कधी बोललो नाही. पाणी गढूळ होतं, मी नको म्हणत असताना तुम्ही उतरलात. भोवऱ्यात फिरून समोरून आलेली बाभळीची फांदी तुमच्या दंडाला खांद्यापासून कोपरापर्यंत ओरबाडून गेली. "काही नाही, काटा लागला," एवढंच तुम्ही म्हणालात. माय हळद लावत असताना मी निर्लज्जासारखं विचारलं, "समोर पाह्यलं असतं त?" त्यानंतर तुम्हीसुद्धा मधूनमधून डोळे पाण्याच्या जरासे वर काढून समोर बघायला लागलात. आधी बघायचं, मग तोंड वळवून श्वास. मी खडकावरून ते पाहिलं होतं. माझं म्हणणं तुम्ही गुपचूप मान्य केलं, याचा मला एवढा आनंद झाला होता की तो बोलून घालवावासा वाटला नाही. आज सांगून टाकतो. अर्धं भांडण मी जिंकलो होतो, वैनी.

मग तुमच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी आदिलाबादच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. गळ्याजवळ नळी बसवली आणि डॉक्टरांनी सांगितलं, ही जागा भिजवायची नाही. तुम्ही विचारलंत, "नदीत?" त्यांना ती थट्टा वाटली. दादा तेव्हा खिडकीबाहेर पाहत होता. पुढं पिण्याच्या पाण्यावरही बंधन आलं. उन्हातान्हात दवाखान्यातून परत येताना जैनथच्या स्टँडवर लोक घटाघटा पाणी प्यायचे आणि तुम्ही मान वळवून बसायच्या. ज्या बाईला पाणी इतकं आवडायचं, तिला घोट घोट विचारून प्यावा लागला. त्या गोष्टीचा राग मला अजून येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

आदिलाबादला शेतकऱ्यांच्या रैतू बजारात भाजी उतरवली की मी तुमच्याकडं यायचो. मशीन चालू असताना नळीच्या बाजूचा हात तुम्ही अंगाशी धरून ठेवायच्या, दुसरा मोकळा. बोलून थकलात की तुम्ही मोकळ्या हातानं खुणावायच्या, दाखवा. मग मी खाटेच्या कडेला उभं राहून, वाकून, चादरीवरून बोटांची टोकं नेत हात फिरवायचो. एकदा नर्सबाई थबकली आणि म्हणाली, "एंदी अन्ना इदी?" हे काय चाललंय म्हणून. तुम्ही तिला तुमच्या मोडक्या तेलुगूत सांगितलंत की हा माझा दीर, ह्याला पोहायला शिकवते आहे. तिनं खोलीभर नजर फिरवून पाणी कुठं दिसतंय का ते पाहिलं. त्या दिवशी तुम्ही हसलात, तेवढं हसणं मला पुढं फार दिवस पुरलं.

बरं वाटलं तर तुम्ही खडकावर येऊन बसायच्या, गळ्याला रुमाल गुंडाळून. नदीत हात तेवढे घालायच्या. दोन गोटे घेऊन पाण्याखाली एकमेकांवर आपटायच्या. तो आवाज पाण्यातून थेट कानात येतो. मी डोकं उचललं की टक्. परत उचललं की परत टक्. वरून ओरडलेलं ऐकू येत नाही, पण त्या गोट्यांपासून सुटका नव्हती. डोहाच्या मध्यापर्यंत मी मुकाट जायचो, मग टक्, टक्, टक्. बाहेर आल्यावर तुम्ही गोटे खडकावर ठेवून द्यायच्या.

शेवटच्या आठवड्यात, आवाज निघत नव्हता तेव्हा, तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं दादाबद्दल काही सांगायचं असेल. तुम्ही म्हणालात, "डावा श्वास राह्यला बरं." मी म्हणालो, "तुमी बऱ्या व्हा, मंग पाहू." याच्यापेक्षा चांगलं काहीतरी म्हणायला हवं होतं. तुम्ही आलात आणि मी माणसात आलो, हे म्हणायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथं लिहितो आहे.

दहाव्याला आपल्या काठाला पाणी उभं होतं. हिवाळ्यात तसंच असतं, शेवाळ, गाळ, आधी कोणी सोडलेले हार तिथंच कुजत पडलेले. महाराज म्हणाले, गुडघाभर जाऊन सोडा, चालतं. दादानं पिंड ठेवले, सगळं केलं, पण राखेचं मडकं उचलून पाण्याकडं पाहिलं आणि तो थांबला. "इथं नाही सोडाची," तो म्हणाला. "इथं ते अडकून राहीन. धारेत सोडू." धार पलीकडच्या काठाला, तुमच्या माहेराच्या अंगाला, आणि मधे अख्खा डोह. दादानं मडकं माझ्याकडं केलं. तो मला म्हणाला, "माह्याच्यानं होत नाही रे. तू ने. तुलेच शिकवलं तिनं."

मायनं घरून आणलेली पिशवी उघडली. तिच्यात तो भोपळा होता. तिला हे आधीच कसं कळलं होतं, मी विचारलं नाही.

मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलं, मडकं भोपळ्यावर बांधलं आणि ते पुढं ढकलत मी कुशीवर पडून पाय मारत निघालो. एक डोळा पाण्यात, एक तुमच्यावर. पाणी इतकं गार होतं की दात वाजत होते. तुमचं ते हास्यास्पद कुशीवरचं पोहणं इतक्या वर्षांनी अशा कामाला येईल असं तुम्हाला तरी वाटलं होतं का? धारेत पोचल्यावर फडकं सोडलं. राख पाण्यावर क्षणभर पसरली, मायनं घातलेली झेंडूची फुलं मोकळी झाली आणि सगळं धारेबरोबर खालच्या अंगाला निघालं. मी भोपळ्याला धरून हात जोडले. मग तोही सोडून दिला. तुमच्याबरोबर जाऊ दिला.

काठावरून महाराज ओरडले, "मागं पाहू नको रे!"

मी तोंड काठाकडं केलं. आता नदी उजवीकडून येत होती. उजवा श्वास मला नेहमी जमायचा, आणि उजवीकडं पाहिलं असतं तर वरून येणारं रिकामं पाणी दिसलं असतं. कोणाचा शब्द मोडला नसता. तुम्ही मात्र डावीकडं चालल्या होतात. डावीकडं तोंड काढलं तरच तुम्ही दिसणार होतात, आणि डावीकडं मी आयुष्यभर पाणीच प्यालो होतो. तुमचा जीव खरंच अडकला तर, हीही भीती होती. डॉक्टरांनी, नळीनं, घोट मोजून दिलेल्या पाण्यानं तुम्हाला इतके दिवस अडकवलं होतं, आता मीही अडकवायचं का, असं मनात आलं.

तोंड पाण्यात घातलं. श्वास पाण्यात सोडला. उजवा हात पुढं गेला, अंग वळलं आणि मी डावीकडं, खांद्यामागं पाहिलं. झेंडू दिसले. हवा आत आली, पाणी आलं नाही. परत तोंड पाण्यात. परत वळलो, फुलं थोडी दूर गेलेली. जेवढा श्वास तेवढंच पाहायचं, मग तोंड खाली घालायचं आणि पुढं जायचं. पाहण्यासाठी थांबता येत नाही, थांबलं की माणूस बुडतो. तुम्ही मला हेच सांगत होतात ना, वैनी? मी तुम्हाला धरून ठेवलं नाही. श्वास घेतला आणि सोडला, परत घेतला आणि परत सोडला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते नदीचं की माझं, हे नदीत कोणाला कळतं? पुढं फुलं दिसेनाशी झाली. तरी मी डावीकडंच श्वास घेत राहिलो.

हात खडकाला लागला तेव्हा कळलं की काठ आला. तोवर मी तो पाहिलाच नव्हता.

मायनं टॉवेल खांद्यावर टाकला आणि हळूच विचारलं, "मागं त नाही पाह्यलं ना रे?"

"श्वास घेतला, माय," मी म्हणालो.

ती माझं डोकं पुसत राहिली. दादा त्या खडकावर बसला होता, जिथं तुम्ही बसायच्या. तुमचे दोन गोटे अजून तिथंच आहेत, त्यांना कोणी हात लावलेला नाही.

सगळ्या वाटेत टक् झालं नाही, वैनी. वाजवणारं कोणी नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण डोकंही उचललं नव्हतं.